सूर लावणाऱ्याची लेक

चिमीचे बाबा पियानोचे सूर लावून द्यायचे. शहरातल्या बहुतेक पियानोंना त्यांचा हात लागलेला होता, पण खुद्द त्यांच्या घरात पियानो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. बातम्या संपून गाणं सुरू होतंय असं दिसलं की बाबांचा हात बटणावर गेलाच म्हणून समजा. आई म्हणायची, "ह्यांचं म्हणजे आचाऱ्यासारखं आहे. गावाला जेवू घालतात आणि स्वतः उपाशी."

आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर होती. शाळेला सुट्टी लागली की चिमीला एकटीला घरी ठेवणार कसं, म्हणून बाबा तिला कामावर घेऊन जात. तिथे तिचं काम एकच, बाबा सांगतील ती पट्टी दाबायची. पियानोच्या एका पट्टीमागे बहुधा तीन तारा असतात हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. तिन्ही सारख्या ताणलेल्या नसल्या की आवाज थरथरतो. बाबा लोकरी कापडाची फीत मध्ये अडकवून दोन तारा गप्प करत, एक तार लावत, मग दुसरी मोकळी करून तारा पिळायच्या चावीने हळूच ओढत. थरथर मंदावे, लांबत जाई आणि एका क्षणी थांबे. दोन आवाजांचा एकच आवाज होई. तो क्षण आला की चिमीच्या अंगावर काटा उभा राही. मोठी माणसं ज्याला संगीत संगीत म्हणतात ते हेच, अशी तिची पक्की समजूत होती. शाळेत कवायतीच्या वेळी मुलं जे गात तो तिच्या लेखी नुसता आरडाओरडा होता.

बाबांची एक सवय सगळ्या शहराला ठाऊक होती. शेवटची पट्टी तपासून झाली की ते हत्यारं गुंडाळत आणि निघत. चहा नाही, गप्पा नाहीत. "जरा वाजवून दाखवते, बसा ना," असं कुणी म्हणेपर्यंत स्वारी जिन्यात पोचलेली असे. लोक त्यांना शिष्ट म्हणत. एका घरच्या आजी तेवढ्या म्हणत नसत. त्या पूर्वी पियानो शिकवायच्या.

एके दिवशी आजींकडचं काम आटोपून बाबा नेहमीसारखे बाहेर पडले आणि चिमी चपलेचा बंद लावत मागे राहिली. आजी म्हणाल्या, "अगं, सूरवाल्यांची लेक ना तू? वाजव की काहीतरी."

चिमी ऐटीत स्टुलावर चढली. मधली एक पट्टी आणि वरच्या सप्तकातली तिची जोडीदारीण एकदम दाबली, आवाज पार विझेपर्यंत कान लावून ऐकलं आणि हात मांडीवर ठेवले.

"पुढे?" आजींनी विचारलं.

"पुढे काय? लागलेत की दोन्ही."

आजी हसता हसता खुर्चीच्या हाताला धरून बसल्या. मग चिमीला बाजूला सरकवून त्यांनी स्वतः पट्ट्यांवर हात ठेवले आणि वाजवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा चिमीला वाटलं, ही बाई बाबांनी केलेलं सगळं विस्कटतेय. एवढा नीट बसवलेला सूर, आणि ही त्याच्यावर थांबतच नाही! पण तो सूर दुसऱ्याकडे गेला, दुसरा तिसऱ्याकडे. जे बाबांनी आणि तिने सकाळभर एकेक करून लावलं होतं, ते चालत होतं. पडत होतं, उठत होतं, कुणाची तरी वाट पाहत होतं. एवढं मोठं काहीतरी त्या लाकडी पेटाऱ्यात होतं आणि तिला पत्ताच नव्हता! तिला भीती वाटली, रडूही आलं, आणि हे कधी संपू नये असंही वाटलं.

बाबा शोधत वर आले ते दाराशीच थांबले. "चल," एवढंच म्हणाले.

रस्त्यात तिने विचारलं, "बाबा, ते काय होतं?"

"गाणं."

"मग तुम्ही पळून का येता?"

बाबांनी हत्यारांची गुंडाळी दुसऱ्या काखेत धरली. मग म्हणाले, "मला गाणं ऐकू येत नाही गं. तारा ऐकू येतात. ही उतरलीये, ती चढलीये. लहानपणी यायचं ऐकू. मग कान तयार झाला आणि गाणं गेलं."

चिमीने त्या क्षणी ठरवलं, आपण कान तयार होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जायला नाही म्हणाली. रुसली, हट्ट धरला, पोट दुखतंय म्हणाली. बाबांनी ओळखलं असावं, कारण ते रागावले नाहीत. सुट्टीच्या दुपारी ती आजींकडे जाऊन बसे आणि ऐके. पण खरं सांगायचं तर थरथर थांबण्याचा तो क्षणही तिला झोपेत आठवे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

पुढे बाबांचा खांदा धरला. चावी ओढताना त्यांच्या कपाळावर घाम येऊ लागला. तोवर चिमी चांगली घोड्याएवढी झाली होती. बाबांनी तोंडाने कधी मागितलं नाही. तिनेच एक दिवस त्यांच्या हातातून चावी घेतली, आणि त्या रात्री उशीत डोकं खुपसून रडली.

ती भराभर शिकली. कान तयार होत गेला तशी ती आजींकडे जायची बंद झाली. जाऊन खात्री करून घ्यायचा धीर होईना. शेवटी आजींचाच निरोप आला. सूर लावायचे होते. बाबा सोबत आले खरे, पण खाली जिन्याच्या पायरीवरच बसले.

चिमीने एकटीने अख्खा पियानो लावला. आजी स्टुलावर बसल्या. आता वाकल्या होत्या, बोटं आखडली होती.

"थांबतेस?"

"थांबते," चिमी म्हणाली आणि भिंतीला टेकली.

आधी ताराच ऐकू आल्या. ही जरा वर, ती खाली, ही लाकडाशी घासतेय. गेलं, बाबांसारखंच गेलं. आजींचं बोट चुकलं, त्यांनी मागे येऊन पुन्हा तीच ओळ धरली आणि त्या हळूहळू पुढे निघाल्या. आणि चिमीने स्वतः लावलेला एक सूर दुसऱ्याच्या अंगावर असा काही येऊन पडला की ती तारा मोजायची विसरली. आजी थांबल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कधीपासून रडतोय.

ती खाली आली. बाबांनी मान वर केली.

"आधी तारा आल्या," ती म्हणाली. "मग कधी गेल्या, कळलंच नाही."

बाबांनी डोळे मिटले. "सुटलीस," ते म्हणाले. मग लाजल्यासारखं, "कसं होतं गं ते?"

चिमी त्यांच्याशेजारी बसली आणि गुणगुणून दाखवू लागली. तिचा गळा अगदीच सुमार. वरचा सूर गाठताना तो चिरकला आणि ती थांबली.

"बेसूर झालं ना?"

"झालं," बाबा म्हणाले. "पण गळ्याला कुठे चावी लावणार? कान गप्पच बसला. मला गाणं ऐकू आलं, चिमे. पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं, आणि बाबा शेवटपर्यंत बसून राहिले.