महानंदाच्या पाठीतलं सिमेंट

"कॉम्प्रेशन फ्रॅक्चर," लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडं धरली. "म्हणजे मणका दबून चपटा झालाय. हाडं ठिसूळ झाली की एवढ्यातेवढ्यानं होतं."

एवढंतेवढं म्हणजे एक घागर. त्या दुष्काळात उदगीरला आमच्या गल्लीत टँकर यायचा. माझ्या बायकोनं, महानंदानं, भरली घागर उचलली आणि पाठीत कट्ट झालं. उसण भरली असेल म्हणून आम्ही शेकत बसलो. तुमच्या घरी साठीपुढच्या बाईची पाठ अशी धरली तर मलम चोळत दिवस घालवू नका.

आधी पट्टा, गोळ्या, विश्रांती. दुखणं हटेना. कूस वळताना ती पदर दातात धरायची. चहा मी चमच्यानं पाजायचो. आम्ही लिंगायत; गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजाही ती पडूनच करायची.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "व्हर्टिब्रोप्लास्टी करू. पाठ फाडायची नाही. जाड सुईनं मणक्यात हाडांचं सिमेंट भरायचं. प्रत्येकाला हे लागत नाही. थोडा धोकाही आहे. सिमेंट झिरपलं तर नस दबू शकते."

"सिमिट?" महानंदा म्हणाली. "मी काय पडकी भित हाय व्हय?" हसली, आणि हसण्यानंही कळ आली.

सिमेंट भरायच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं सगळं काढा; पालथं झोपायचंय, एक्स-रेत बघत सुई घालतात, धातू आड येतो. इष्टलिंगाची चांदीची डबीही काढायची होती. लहानपणी दीक्षा घेतल्यापासून लिंग तिच्या अंगावेगळं झालं नव्हतं.

"मंग न्हाई करायचं मला," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज पक्का.

मी डॉक्टरांसमोर हात जोडले. ते म्हणाले, "भूल जागेपुरतीच आहे, त्या शुद्धीवर असतील. डबी बाहेर ठेवा. लिंग त्यांच्या मुठीत राहू द्या."

सिस्टरनी ते स्वच्छ कापडात गुंडाळून तिच्या तळहातावर ठेवलं. दार लागलं.

बाहेर बाकावर उदगीर जिल्हा कधी होणार, यावर दोघं वाद घालत होते. माझ्या कानात काही शिरत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला आधार देऊन उठवलं. ती कण्हली नाही. पाय खाली सोडून, सरळ बसली.

किती दिवसांनी आम्ही समोरासमोर बसलो होतो! तिनं मला नीट निरखलं आणि म्हणाली, "आवं, तुमी किती वाळलाव!"

मला रडूच फुटलं.