खाजणातल्या गाठी

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. आता हे वाचून नातवंडं माझी करतील, करू देत! पण जे डोळ्यांनी पाहिलं, ते नाकारू कशी?

युद्धाचे दिवस. भाईंदरला मोरव्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत, आमचं गवताचं मोठं रान होतं. गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दरवर्षी विळे घेऊन येणारी माणसं त्या साली गोदीत कामाला लागली होती. बाबा उन्हाळ्यातच गेले... घरात आई, मी आणि काका. रान मिठागरवाल्याला देऊन मोकळं व्हायचं, हे काकांनी ठरवूनच टाकलं होतं. मी हटून बसले, तेव्हा म्हणाले, "कार्तिकाच्या उधाणाआधी गवत काढून दाखव. न्हाय जमला तं मंग माजा आयकाचा."

बांध त्याच पावसाळ्यात फुटला होता आणि डागडुजी अर्धवट होती. उधाणाचं खारं पाणी आत शिरलं की उभं गवत मातीमोल.

मी गवत कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं. मुंबईत एका तबेलेवाल्याकडे दोन जुनी होती. काका मोठ्यावर भुलले – लांबलचक पातं, झकास लाल रंग. मी छोटं निवडलं. खाजणाच्या मऊ मातीत जड चाकं रुतली असती, आणि मोठ्याला घोडे लागायचे. छोटं आमच्या बैलांच्या चालीनं चालणारं होतं.

"ह्यो तं खेलना हाय," काका म्हणाले. मी ऐकलं नाही.

पहिल्याच दिवशी खाड्कन आवाज! गवतात लपलेल्या दगडावर पात्याचे दात तुटले. फुटलेल्या बांधाचे दगड पाण्याबरोबर रानभर पसरले होते, आणि कंबरभर गवतात एकही दिसत नव्हता. विळ्याच्या काळात कापणीआधी बाबा सगळं रान फिरायचे. जिथे दगड, तिथल्या गवताचे शेंडे एकत्र बांधून गाठ मारायचे, म्हणजे कापणारा सावध व्हायचा. मशीनच्या नादात हे कुणालाच आठवलं नाही.

आता जादा पातं एकच उरलं होतं आणि उधाण परवावर आलं होतं. दगड शोधत सगळं रान पायाखाली घालायचं की कापायचं? संध्याकाळी बांधावर बसून मी रडले. रागच आला होता मला. "बाबा, आत्ताच जायचं होतं का तुम्हाला?" असं मोठ्यानं बोलले.

सकाळी काका आणि मी बैल घेऊन गेलो... आणि जागच्या जागी थांबलो. रानात जिकडेतिकडे गाठी! गवत दवानं पांढरं होतं. त्यातून कुणी चाललं असतं तर हिरवा पट्टा उमटला असता. तसा एकही नव्हता.

काका पहिल्या गाठीपाशी वाकले. बाबांची उजव्या हाताची बोटं गाडीच्या चाकाखाली चेंगरलेली, त्यामुळे ते डाव्या हातानं गाठ मारायचे आणि शेंडा उलटा खाली खोचायचे. गावात तशी गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं.

"दादाची गाठ हाय ही," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी गवत बाजूला सारलं. खाली दगड होता.

काकांनी डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मशीनच्या पुढे चालू लागले. "डावीकडं घे पोरी! आता सोड, मोकला हाय!" पातं खडखडत सुटलं. पोरीचं मशीन बघायला आणि हसायला आलेले लोक बांधावरून उतरून गवत उचलू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी गवताची शेवटची गाडी बांधावर चढली, आणि मागून खाडीचं पाणी मोकळ्या रानात शिरलं. मी अक्षरशः नाचले! पातं शाबूत होतं.

मिठागरवाल्याचा माणूस आला, तेव्हा काकांनीच त्याला दारातून परत पाठवलं. "जमीन न्हाय भेटाची. आमची पोर कसतेय."

कुणी म्हणेल, बाबांनी आधीच गाठी मारून ठेवल्या असतील. पण ते गवत पावसाळ्यात उगवलेलं होतं. दगडही पावसाळ्यातच तिथे आले होते, बांध फुटल्यावर. बाबा त्याआधीच गेले होते. ते दगड त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

मग गाठी कुणी मारल्या? इतकी वर्षं झाली, मला सांगता येत नाही.