सत्संगात वाचलेली भयकथा

नव्वदीच्या सुरुवातीला मी जळगावात नोकरीला होतो आणि दर शनिवारी एसटीने धुळ्याला आईकडे यायचो. वय तिशीकडे झुकलेलं, लग्न नाही. मला पुरुष आवडतात हे कुणाला कळता कामा नये, याच काळजीत दिवस जायचे. त्यामुळे मला सगळ्यांचाच संशय. घरमालकाने "काय, आज एकटेच?" असं सहज विचारलं तरी त्यामागे काय असेल, याचा मी रात्रभर कीस पाडायचो. खोलीवर एक मित्र यायचा, त्याची चप्पलसुद्धा मी दारातून उचलून आत ठेवायचो.

त्या साली एका दिवाळी अंकात मी टोपणनावाने भयकथा लिहिली. साक्रीपलीकडच्या डोंगरात एक मठ. माझ्यासारख्या मुलांना घरचे तिथे 'बरं करायला' नेऊन सोडतात. महाराज कानात मंत्र फुंकतात, पोराच्या आतला माणूस ओढून काढतात आणि लोणच्याच्या बरणीत कोंडतात. मग पोरगं कसं अगदी गुणी होतं! मुकाट्याने बोहल्यावर चढतं, आणि काहीही विचारा, एकच उत्तर देतं, 'महाराजांची कृपा.' लिहिताना मी पोट धरून हसलो होतो. अंक हातात पडला आणि हसू पळालं. टोपणनावामागचा मी कुणी ओळखला तर?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईबरोबर गल्लीतल्या सत्संगाला गेलो. तिथे भजन झालं की भक्तांचे अनुभव वाचायचे. कुणाचं दुखणं गेलेलं, कुणाची सोयरीक जमलेली. वाचणारे नाना, निवृत्त मास्तर. त्यांनी पिशवीतून तोच दिवाळी अंक काढला, तसा मी मांडवाच्या खांबाआड सरकलो.

"आज एक विलक्षण अनुभव ऐका," असं म्हणून नानांनी माझी गोष्ट सुरू केली. वर ठळक अक्षरांत 'भयकथा' छापलं होतं. ते त्यांना दिसलं नाही की त्यांनी मुद्दाम गाळलं? म्हातारा भोळा की बिलंदर? दोनदा त्यांची नजर माझ्यावर थांबल्यासारखी वाटली. गोष्टीत बरण्या आल्या तेव्हा बायकांनी हात जोडले. 'महाराजांची कृपा' तर सगळा मांडव नानांबरोबर म्हणू लागला. मला असा संताप आला! अरे बावळटांनो, ही तुमचीच थट्टा आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने?

शेवट मी सगळ्यात भयंकर लिहिला होता. बरा झालेला मुलगा घरी येतो. आई त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. तो तिला परक्या बाईला करावा तसा नमस्कार करतो आणि विचारतो, 'आपण कोण?' तिथे टाळ्या पडल्या.

प्रसाद घेऊन निघालो. गल्लीच्या वळणावर आई थांबली. मागेपुढे कुणी नाही ना, हे तिने पाहिलं आणि माझा दंड धरून घरच्या अहिराणीत म्हणाली,

"भाऊ, तो मठ कोठे शे, नानाले इचारी ये ना."

"माय, ती नुसती गोष्ट शे. बठ्ठी खोटी."

"छापेल शे ना ती?"

"तू शेवट आयका का? तो पोऱ्या मायलेबी वळखत नही."

"आयका ना," ती म्हणाली. दंड तिने सोडला नव्हता. "तू बरा हुई जाय. मंग माले नही वळखं तरी चाली."