बाबांनी पाहिलेला तेजोमेघ

इथले अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचो. वाचून झालं की रुचाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायचो, लोकांना स्वप्नं पडतात आणि ते इथे टाइप करतात. माझं कामच तसं आहे... सॉफ्टवेअर टेस्टिंग. एखादी चूक पुन्हा घडवून दाखवल्याशिवाय ती झाली हे आम्ही मानत नाही. आणि अडचण नेमकी तिथेच झाली. कारण हे मी पुन्हा घडवून पाहिलं.

आम्ही जयपूरला मालवीय नगरात भाड्याने राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्ची आमच्याच वापरात. मूळचे अकोल्याचे. मला आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे, त्यापायी एक मोठी दुर्बीण आणि तिच्या पाठीवर बसवलेली एक छोटी, असा संसार गच्चीवर मांडलेला असतो. खाली मोटर असते, ती ताऱ्यांच्या चालीने दोन्ही दुर्बिणी हळूहळू फिरवते.

मागच्या हिवाळ्यात मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या मागे लागलो होतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्या खालीच हा धूसर ठिपका आहे. वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग, पंख पसरलेल्या पाखरासारखा. मधोमध अगदी खेटून चार तारे. गंमत अशी की दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांनी तो राखाडीच दिसतो, चुलीच्या धुरासारखा. गुलाबी, निळा, जांभळा हे रंग फक्त कॅमेऱ्याला दिसतात. त्यासाठी खूप फोटो काढायचे, त्यातले बरे निवडायचे आणि एकावर एक रचायचे.

पण त्या हिवाळ्यात हवाच धड नव्हती. दिवसभर तापलेल्या गच्च्या संध्याकाळी ऊब सोडायच्या, खाली शेकोट्यांचा धूर, वर धूळ. पडद्यावर तारे उकळत्या पाण्यात सोडलेल्या साबुदाण्यासारखे नाचायचे. बहुतेक फोटो फेकूनच द्यावे लागत.

आई गेल्यावर बाबांना आम्ही इकडे आणलं होतं. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. ट्यूब लावलेली आहे की नाही, एवढंच एका डोळ्याला कळायचं. रंगांवर आयुष्य काढलेला माणूस... त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. संध्याकाळी जेवण झालं की शाल गुंडाळून माझ्याजवळ गच्चीवर बसायचे, मी काय करतोय ते विचारायचे.

एकदा हवा इतकी वाईट होती की मी वैतागून मोठ्या दुर्बिणीचा कॅमेराच काढून टाकला. बाबा म्हणाले, "मले दाव न जरा."

मी पाहण्याचं भिंग लावलं, खांदे धरून त्यांना स्टुलावर बसवलं, डोळा जागेवर आणून दिला. म्हटलं, बसू दे दोन मिनिटं, त्यांचं मन राहील.

थोड्या वेळाने बाबा हळूच म्हणाले, "हे तर ओल्या कागदावर रंग सोडल्यासारखं हाय."

मी विचारलं, कोणता रंग. ते सांगत गेले. मधोमध पांढरा, त्याला लागून पिवळसर, कडेला क्रिमसन, आणि एका अंगाने निळा, पाणी जास्त झालेला. एक काळी खाच आत शिरलेली, पाखराची चोच असावी तशी. मध्ये चार तारे. मी ऐकत राहिलो. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दिसतंय म्हणावं तर रंग कुणालाच दिसत नाहीत, धडधाकट डोळ्यांनासुद्धा.

रुचा म्हणाली, तूच रोज त्यांना वर्णन करून सांगतोस, तेच आठवत असेल. मलाही ते पटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही समजावलं की दृष्टी गेलेल्यांचा मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं रचतो, घाबरायचं कारण नाही. खालच्या घरमालकीणबाई मात्र बाबांना पाहून हात जोडायला लागल्या. बाबूजींना दर्शन होतंय, असं त्यांचं म्हणणं. बाबांना ते आवडायचं नाही.

तेव्हापासून बाबा रोज वर यायला लागले. मोठी दुर्बीण त्यांची झाली, मी कॅमेरा छोटीवर चढवला. दिवसा ते गप्प असायचे, जेवणात लक्ष नसायचं. अंधार पडायच्या आधीच जिन्याशी येऊन उभे राहायचे. एकदा तर आमची वाट न बघता एकटेच वर गेले, आणि रुचाला ते कठड्याला हात लावून उभे असलेले सापडले. त्या दिवशी आम्ही दोघं फार घाबरलो.

अशाच एका संध्याकाळी ते भिंगाला डोळा लावून असताना म्हणाले, "रेघ गेली एक. चार ताऱ्यांच्या बाजूनं, तिरपी." मी म्हटलं, उपग्रह असेल. मी लॅपटॉपशी खटपट करत होतो, फारसं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "आणखी एक गेली."

आवरताना मी मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावायला गेलो, तर ते लावलेलंच होतं.

मी छोटी दुर्बीणच वापरत होतो, त्यामुळे मोठीचं झाकण काढायचं राहूनच गेलं होतं. बाबा सगळी संध्याकाळ एका बंद नळीत बघत बसले होते. मला आधी हसू आलं, मग कीव आली. म्हणजे सगळं मनातलंच. कोडं सुटलं, असं वाटलं.

खाली येऊन फोटो चाळले. एका फोटोत चार ताऱ्यांच्या बाजूने एक तिरपी, बारीक रेघ होती. पुढे दुसऱ्या फोटोत आणखी एक. उरलेल्या एकाही फोटोत रेघ नव्हती.

मी रुचाला उठवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि तिथेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. संध्याकाळी आम्ही ठरवून झाकण लावलेलंच ठेवलं. मी छोट्या दुर्बिणीतून फोटो काढत राहिलो, लॅपटॉपचा पडदा बाबांपासून दूर, त्यांच्याकडे पाठ करून. रुचा फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बाबांजवळ बसली. जयपूरचं विमानतळ आमच्या घरापासून लांब नाही, त्यामुळे विमानाच्या आवाजावरून कळत असेल अशी माझी एक शंका होती. पण विमानाची रेघ फोटोत तुटक येते, दिव्यांच्या उघडझापीमुळे. या रेघा अखंड होत्या, आणि उपग्रहाला आवाज नसतो.

बाबा दोनदा म्हणाले, "गेली." रेकॉर्डिंगमधली वेळ आणि फोटोंची वेळ आम्ही ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. तिसरी रेघ नव्हती, आणि तिसऱ्यांदा बाबा काही बोललेही नव्हते.

त्यांना झाकणाचं सांगायचं की नाही, यावर आम्ही हळू आवाजात बराच वेळ बोललो. सांगितलं नाही.

मग त्यांनी डागाचं काढलं. उजव्या पंखात एक काळा ठिपका आलाय, म्हणाले. टिपकागदावर शाईचा थेंब पसरतो तसा तो पसरू लागला. रोज विचारायचे, तुझ्या फोटोत दिसतो का. माझ्या फोटोत तसलं काही नव्हतं. तसं सांगितलं की ते अस्वस्थ व्हायचे. एकदा म्हणाले, "आज तर अर्धा पंख खाल्ला रे त्यानं."

त्या रात्री रुचा म्हणाली, "त्यांच्या रेघा खऱ्या निघाल्या ना? मग डागपण खरा असेल. आकाशात नसेल तर दुसरीकडे कुठेतरी असेल."

मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रेघांचं त्यांना सांगायची हिंमत झाली नाही, रंगांचं आणि डागाचं सांगितलं. त्यांनी स्कॅन काढायला लावला. डोक्याच्या मागच्या बाजूला, दिसण्याचं काम जिथे चालतं तिथेच, गाठ होती. साधी होती, पण वाढत होती. उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं, असं ते म्हणाले. रंग दिसण्याचं कारणही तीच.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ऑपरेशननंतर ते दिसणं बंद होईल का. डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "बाबूजी, जो आपको दिखता है, वो है ही नहीं."

बाबांनी मान हलवली. सही करायला हात पुढे केला, मी त्यांचं बोट जागेवर नेऊन ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले, जेवायला लागले, रुचाशी गप्पा मारायला लागले. मृग नक्षत्र पश्चिमेला कललं होतं तेव्हा त्यांनी वर न्यायला सांगितलं. त्या दिवशी हवा विलक्षण स्थिर होती, तारे टाचणीने टोचल्यासारखे. मी झाकण काढलं, काढलंय हे दोनदा हात लावून पाहिलं, आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

ते बराच वेळ बसले. शेवटी डोळा बाजूला घेऊन म्हणाले, "काळं हाय."

मी म्हटलं, हवा खराब असेल.

"हवेचं नाही रे ते." मग म्हणाले, "तू सांग. होतं का नव्हतं?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. झाकण, रेघा, रेकॉर्डिंग. म्हटलं, "होतं, बाबा. फोटो आहेत माझ्याकडे."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "मंग झालं," म्हणाले, आणि खाली न्यायला हात पुढे केला. त्यानंतर ते गच्चीवर आलेले नाहीत. मीही दुर्बीण फारशी काढत नाही.

रंगांचं कारण गाठ, हे मला मान्य आहे. पण बंद नळीच्या टोकाशी बसलेल्या आंधळ्या माणसाला आकाशातून कोण, केव्हा, कुठून गेलं हे कसं कळत होतं? इथे कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा... फक्त योगायोग म्हणू नका. ते मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं आहे, आणि दर वेळी फोटो उघडून बसलो आहे.