फाटकावरची तोंडतपासणी

ऐंशीच्या दशकात आमच्या गावच्या काजू कारखान्यात बायका सुटल्या की फाटकावर मुकादम उभा असायचा. "आ कर." बॅटरी मारून एकेकीचं तोंड बघायचा. चोरून काजूगर खाल्ला की टरफलाचं तेल लागून तोंडात फोड येतो, हा त्याचा शोध. फोड दिसला की बाई चोर. चौकशी नाही, काही नाही! हाताला राख फासून काजू फोडताना बायकांची बोटं त्याच तेलानं सोलवटायची. त्या बोटांवर मात्र कुणी बॅटरी मारली नाही.

एका संध्याकाळी माझ्या मावशीच्या खालच्या ओठात आतून वाटाण्याएवढा फुगवटा दिसला. "उद्यापासून येऊ नकोस." तिचं घर त्या कामावर चालायचं. वाडीत कुजबूज सुरू झाली, "खाल्लेन असतील दोन गर."

मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं वाटत हिंडायचो. डोकं भडकलं. सकाळच्या एसटीनं तिला रत्नागिरीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी ओठ उलटून पाहिला. "दात तुटलाय. ओठ सारखा चावला जातो, लाळेची बारीक नळी दुखावते, लाळ आत साठते. त्याचा हा फुगा."

"काजूच्या तेलानं नाही?"

"त्यानं भाजतं, कातडी जाते, आग होते. हा मऊ आहे, दुखतही नाही. तोंडात फोड यायला कारणं काय थोडी असतात? गरम चहा, पोटाची तक्रार, मिश्री." त्यांनी दाताची धार घासून दिली. "नाही गेला तर परत या."

वाटेत मावशी एवढंच म्हणाली, "मग तो मला चोर का म्हणाला?"



कारखाना सुटायच्या वेळी आम्ही फाटकावर गेलो. डॉक्टरांचं म्हणणं मी मोठ्यानं सांगितलं, बायकांना ऐकू जाईल असं. मुकादमानं गालातली तंबाखू सरकवली. "बरं बरं. ये उद्यापासून. पण सुटताना आ करायचं. नियम आहे."

"आधी तू कर," मावशी म्हणाली.

"काय?"

"आ कर, मेल्या! दिवसभर तंबाखू धरतोस गालात. आत काय काय उठलंय ते आम्हालापण बघू दे."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. त्यानं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं पुन्हा बॅटरी पेटवली. मावशी सगळ्यात पुढे होती. ओठ घट्ट मिटून ती त्याच्या समोरून बाहेर आली. मागच्या बायकाही तशाच आल्या. "ए, थांबा!" तो ओरडत राहिला. कुणी थांबलं नाही.