तपासणीला निघालो, फेरीत सापडलो

मी आयुष्यात एकदाच फेरीत चाललो, आणि ती फेरी ज्या कामाच्या विरोधात होती, नेमकं तेच काम उरकायला मी त्या दिवशी जुन्नरला गेलो होतो.

साल दोन हजार चार असेल, नाहीतर पाच. अवसरी खुर्दला माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. दिवसभर विजेशी खेळणारा माणूस धाडसी असेल असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी भित्रा आहे म्हणूनच अजून जिवंत आहे. मेन स्विच बंद केल्यावरही मी तीनदा टेस्टर लावतो. (टेस्टर बिघडलेला नाही ना, हे बघायला दुसरा टेस्टर ठेवलाय.) बैल, पोलीस, सरकारी कागद आणि इंजेक्शन या सगळ्यांना मी घाबरतो. आणि या सगळ्यांच्या वर माझी आत्या.

आत्या मढची. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा आत्यानं मला मढला नेऊन स्वतःच्या दोन मुलींबरोबर वाढवलं. त्यामुळे तिच्यापुढं 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालेला नव्हता. मलाही दोन मुलीच. थोरली सात वर्षांची, धाकटी चार. माझ्या बायकोला, सुनंदाला, तिसऱ्यांदा दिवस गेले आणि चौथा महिना लागला, तशी आत्या अवसरीला आली. चहाची बशी खाली ठेवत म्हणाली,

"दत्ता, जुन्नरला एक डाक्टर हाय. मशीनवर बघतो. मी जाऊन नर्सबाईशी बोलून आले. सरळ काय सांगत न्हाई तो. पेढं वाटा म्हणला तर ठेवायचं, जिलबी म्हणला तर मोकळं व्हायचं."

"आत्या, त्याला कायद्यानं बंदी आहे," असं मी म्हणालो. (मनात. तोंडानं "बरं" म्हणालो.)

सुनंदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण त्या दिवशीची एकही भाकरी गोल झाली नाही. आत्या गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आणि जिलबी म्हणला तर?"

"बघू," मी म्हणालो.

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ताट पुढ्यात यायचं, पाण्याचा तांब्या यायचा, आणि ती उठून जायची. मला डॉक्टरची भीती होती, कायद्याची होती, आत्याची तर होतीच. आता घरातल्या शांततेचीही वाटायला लागली.

ठरल्या दिवशी मुलींना शेजारी ठेवून आम्ही निघालो. मंचरला एसटी बदलली, नारायणगावला बदलली आणि अकराच्या सुमाराला जुन्नरला उतरलो. आत्या मढच्या गाडीनं आधीच येऊन स्टँडवर बसली होती. तिनं मला बाजूला घेऊन बजावलं, "कुणी इचारलं तर म्हणायचं पोटात दुखतंय. दुसरं काय बोलायचं न्हाई."

स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि समोर पोलिसांची जीप. जीपपाशी दोन हवालदार. मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला धरायला एक हवालदार पुरेसा होता, दोन कशाला आणले, एवढाच विचार डोक्यात आला. त्यातला एक सरळ माझ्याकडेच चालत आला.

"कुठं निघालात पावणं?"

"पोटात दुखतंय," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"माझ्या," मी म्हणालो. "हिच्या," आत्या त्याच वेळी म्हणाली.

हवालदारानं सुनंदाकडे बघितलं. सुनंदा शांतपणे म्हणाली, "माझं काय दुखत न्हाई."

हवालदार भला माणूस होता. आमचे चेहरे बघून त्याला वाटलं, खेड्यातली माणसं बावरलीत. म्हणाला, "मुलगी वाचवा फेरीला आलाय का?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग कशाला आलाय' हा आला असता. मी म्हणालो, "हो."

"मग असं भेदरून काय उभं राहायचं? चला." असं म्हणून त्यानं माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसानं माझा दंड धरला होता, त्यामुळे पाय आपोआप चालू लागले. मागून आत्या, तिच्या मागून सुनंदा.

कोपऱ्यावर तीनेकशे माणसं जमली होती. शाळेच्या मुली, अंगणवाडीच्या बाया, महाविद्यालयातली मुलं. सगळ्यांच्या पुढं गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक शिक्षिका होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. हवालदारानं आम्हाला मॅडमच्या स्वाधीन केलं. त्यांनी वही उघडली आणि माझं नाव, गाव लिहून घेतलं. (म्हणजे आता लेखी पुरावाही झाला.)

"अपत्यं?"

"दोन मुली."

"मुलगा?"

"नाही."

मॅडमचा चेहरा उजळला. "बघा, दोन मुलींवर समाधानी असलेलं कुटुंब, आजीसकट थेट अवसरीहून आलंय. तुम्ही अगदी पुढं राहायचं." त्यांनी माझ्या डोक्यावर कागदी टोपी चढवली आणि आत्याच्या हातात काठीला लावलेली पाटी दिली. पाटीवर एका तान्ह्या बाळाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आजी, मला जन्माला येऊ दे.'

आत्याला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?" तिनं विचारलं.

मी तिच्या कानाशी लागलो. "पोलिओचं आहे."

"मग चांगलं हाय," आत्या म्हणाली. "आमच्या आळीतल्या एकीचा पाय गेला त्या रोगानं." आणि तिनं पाटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली.

फेरी निघाली. पहिल्या वळणावर सटकायचं असं मी ठरवलं होतं. वळण आलं तसा मी हवालदाराला म्हणालो, "जरा लघवीला जाऊन येतो." तो म्हणाला, "चला, मलाबी जायचंच व्हतं." आम्ही दोघं जाऊन आलो. परत येताना त्यानं माझी टोपी सरळ केली.

एव्हाना घोषणा सुरू झाल्या होत्या. 'लेक वाचवा, देश वाचवा.' आत्या दोन गल्ल्या मोठ्या उत्साहानं ओरडली. तिचा आवाज खणखणीत. डोंगरातल्या शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधाला हाक मारायची सवय. मॅडम तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या. तिसऱ्या गल्लीत आत्या एकदम गप्प झाली. थोडं चालून तिनं मला विचारलं,

"दत्ता, पोलिओ काय निस्ता पोरींनाच व्हतो का रं?"

"जास्त करून," मी म्हणालो.

ती आणखी दहा पावलं चालली आणि थांबली. "तू मला फसिवलंस."

"हळू बोल. मागं पोलीस आहे."

आत्यानं मागं वळून बघितलं. हवालदार तिच्याकडे बघून हसला. आत्याला घाबरलेली मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिनं पाटी आणखी वर धरली आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडली, "लेक वाचवा."

सुनंदा शेजारून चालली होती. तिनं पदर तोंडावर घेतला होता. ती रडतेय की हसतेय हे बघायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या वळणावर आत्यानं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "दत्ता. दवाखाना."

तोच दवाखाना. दारावर हातभर पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' आणि दारात टेबलावर पाण्याचे जार मांडून खुद्द डॉक्टर फेरीतल्या लोकांना पाणी वाटत होते. मागं ती नर्सबाई पेले भरत होती. तिची आणि आत्याची नजरानजर झाली. नर्सनं डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. डॉक्टरांनी आधी आत्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या पाटीकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी माझ्या मागच्या हवालदाराकडे. सरकारी माणसं खोटे पेशंट पाठवून डॉक्टरांना पकडतात, अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती.

पाण्याचा पेला हातात देताना ते खाली वाकून पुटपुटले, "साहेब, त्या आजी मागच्या आठवड्यात येऊन गेल्या म्हणे, पण मी त्यांना भेटलोसुद्धा नाही. मी तसलं काही करत नाही."

मला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "मीपण नाही."

पेला देता-घेता पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. आम्ही पुढं निघालो तेव्हा त्यांनी मागून घोषणा दिली, ती सगळ्या फेरीत सगळ्यात मोठी होती.

सभा एका शाळेच्या पटांगणात होती. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड जागा धरली. तीन भाषणं झाली. सुटलो असं वाटत होतं तेवढ्यात मॅडमनी वही उघडली आणि माईकवरून माझं नाव पुकारलं. "दोन मुलींचे अभिमानी वडील आता आपल्याला चार शब्द सांगतील."

मंचावर कसा पोचलो ते आठवत नाही. समोर सगळं पटांगण, पहिल्या रांगेत हवालदार, त्याच्या मागं आत्या आणि सुनंदा. तेवढ्यात माईक शिट्टी मारायला लागला. मला देव भेटल्यासारखं झालं. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, माईक उघडला, वायर तपासली, पुन्हा तपासली. पाच मिनिटं मी असा रमलो की लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "छान झालाय हो, आता बोला."

"मला दोन मुली आहेत," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच. "आणि आम्ही आज इथं आलो ते..." पुढचं वाक्य जे खरं होतं ते बोलता येत नव्हतं, आणि खोटं सुचत नव्हतं. "आम्ही आलो ते..."

समोर सुनंदा उठली. तिनं पदर खोचला, सावकाश पायऱ्या चढून आली आणि माझ्या हातातून माईक घेतला. आठ वर्षांच्या संसारात मी तिला चार माणसांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मला चौथा महिना हाय," ती म्हणाली. "आत मुलगा हाय का मुलगी, मला ठावं न्हाई. आन् मी ते बघणार न्हाई. जे असंल ते माझं हाय. माझ्या मालकांचंबी हेच म्हणणं हाय." मग तिनं माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि माझ्याकडे बघितलं. "व्हय ना?"

'बघू' म्हणायला माझं तोंड अर्धं उघडलं होतं. पण चार दिवस न बोललेली बायको, पहिल्या रांगेतला पोलीस आणि पटांगणातली एवढी माणसं, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. "हो," मी म्हणालो. मी नुकताच दुरुस्त केलेला माईक असा काही चालला की ते 'हो' थेट बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं असावं.

सभा सुटल्यावर आम्ही स्टँडवर मढच्या गाडीची वाट बघत बसलो. पाटी परत द्यायची राहिली होती. ती आत्याच्या मांडीवर होती. मला वाटलं, आता आत्या मला सोडत नाही. ती पाटीच्या काठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मला दोन पोरी झाल्या आन् आमच्या मालकांनी दुसरी आणली. तू तवा घरात व्हतास, पर लई बारका व्हतास. त्या घरात कसं दिवस काढलं, माझं मला ठावं. हिच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून चाललं व्हतं सगळं."

"आत्या, मी कुठं दुसरी करणार होतो?"

"आमचं मालकबी असंच म्हणलं व्हतं."

मी आयुष्यभर जिला घाबरलो, ती गेली तीस वर्षं माझ्यापेक्षाही जास्त घाबरलेली होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. सुनंदा उठली आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली. तिनं तिचा हात हातात घेतला. "आत्याबाई," ती म्हणाली, "यांनी दुसरी आणायची म्हणलं तर तिच्या बापाशी बोलायला यांना माझीच सोबत लागंल." आत्या हसली. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

पाच महिन्यांनी मंचरच्या दवाखान्यात तिसरी मुलगी झाली. आत्या सव्वा महिना अवसरीला राहिली आणि बाळाला रोज स्वतः न्हाऊ घालत होती. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती.

मॅडमकडे माझा पत्ता होताच. पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं आणि शाल-नारळ देऊन 'निर्भय पिता' म्हणून माझा सत्कार केला. समारंभाचे पाहुणे माईकवर म्हणाले, "एवढा मोठा निर्णय घ्यायला हिंमत लागते. हा निर्णय घरात नेमका कुणाचा होता?" मी खाली बसलेल्या सुनंदाकडे बघितलं. तिनं मान डोलावून परवानगी दिली, तेव्हा मी सांगितलं, "माझा."