जावयाचा ठिपका

माझ्या थोरल्या भावाएवढा काळजीखोर माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि काळजीनं घराचं किती वाटोळं होतं हेही त्याच्याइतकं कुणी दाखवून दिलं नसेल. रागानं बोलतेय, मला माहीत आहे. राग आहेच. अंबडच्या एका कारखान्यात दादानं तीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. कोण किती वाजता आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, हे लिहिण्यात त्याची हयात गेली. रिटायर झाला आणि लिहायला माणसंच उरली नाहीत. वहिनी तर आधीच गेलेल्या. मग कुणीतरी त्याला मोबाइलमधलं एक अ‍ॅप दाखवलं, ज्यात घरातली सगळी माणसं नकाशावर रंगीत ठिपके होऊन फिरत असतात. झालं! आमचं सगळं खानदान त्याच्या गेटवर हजर.

भाऊबीजेला मी ओवाळून तबक खाली ठेवते न ठेवते, तोच त्यानं माझा फोन मागून घेतला. "ही तुझी ओवाळणी. आता तू कुठंही हरवणार नाहीस." पन्नाशी उलटलेली बाई मी, हरवतेय कुठं? ते अ‍ॅप एकेका गोष्टीची परवानगी मागत होतं. कॅमेरा, माइक, फोनमधले सगळे नंबर, चोवीस तास ठावठिकाणा. दादा न वाचता होय, होय दाबत सुटला. "अरे, वाच तरी," मी म्हटलं. तर म्हणे, "घरच्यांना कशाला नाही म्हणायचं?" ते अ‍ॅप घरचं कधी झालं, देव जाणे.

त्या दिवसापासून आमच्या जिवाला घोर लागला. गंगेवर, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, भाजी घ्यायला गेले, तर याचा फोन, "तू पाण्यात काय करतेयस?" नकाशानं माझा ठिपका नदीच्या मधोमध नेऊन ठेवला होता. म्हटलं, "दादा, मी मेथी घेतेय." "ते राहू दे, तू आधी काठावर ये!" माझा मुलगा मिसळ खायला बसला की दुसऱ्या घासाला मामाचा फोन, "तर्री कमी घे, तुला पित्त आहे." एकदा आमचे हे विंचूरला लग्नाला गेले. कार्यालय नेमकं वाइन पार्कच्या बाजूला. दादानं मला कळवलं ते असं, "घाबरू नकोस, पण तुझ्या नवऱ्याचा ठिपका दोन तास हललेला नाही." खोटं कशाला बोलू, हे घरी आल्यावर संसारात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मठ्ठ्याचा येत होता. तेव्हा हसायचो आम्ही या सगळ्याला.

सायली ही दादाची एकुलती एक लेक. तिच्या दिवाळसणाला त्यानं जावयाला अंगठी घातली, कपडे केले, आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांदेखत त्याला नकाशात घेतलं. "आता तुम्ही घरचे." जावयाचा मान तो! जावई गोड हसला आणि त्यानंही होय दाबलं. दोन वर्षांनी त्याच जावयानं सायलीचा हात पिरगाळून मोडला. पुण्याहून ती प्लास्टर घालूनच बापाकडे आली.

तेव्हा मात्र मी माझ्या भावाला मानलं. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस, पण नातेवाइकांना रांगेनं थापा मारल्या त्यानं. सायली नागपूरला आहे, सायली मैत्रिणीकडे आहे. जावई दाराशी येऊन शिव्या देऊन गेला, तर हा उंबऱ्यात आडवा उभा राहिला, पण पत्ता दिला नाही. सायली नाशकातच इंदिरानगरला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती, जवळच्याच एका ऑफिसात नोकरीला लागली होती, आणि हे त्याला नि मलाच ठाऊक होतं. ती अ‍ॅप काढून टाकायला निघाली, तर दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकटी राहतेस. तेवढा ठिपका राहू दे बाई, तो दिसला की मला घास उतरतो." बापासाठी ठेवला तिनं. नवऱ्याला बाबांनी केव्हाच काढलं असणार, असं तिनं धरलं होतं. मीही धरलं होतं.

एका संध्याकाळी जावई तिच्या ऑफिसच्या फाटकाशी उभा होता. केसांना धरून ओढलं तिला. वॉचमन आणि समोरचा चहावाला धावले म्हणून सुटली, पण हनुवटीला पाच टाके पडले. दवाखान्यात तिनं विचारलं, "बाबा, पत्ता तुम्ही दिलात?"

"तुझ्या आईची शपथ, चकार शब्द काढला नाही मी."

मी दादाच्या हातातला फोन ओढून घेतला. जावयानं स्वतःचा ठावठिकाणा बंद ठेवला होता, म्हणून नकाशावर त्याचा ठिपका दिसत नव्हता. पण माणसांच्या यादीत सायलीच्या नावाखालीच त्याचं नाव होतं. घरबसल्या रोज तिचा ठिपका बघत होता मेला. "याला काढलं नाहीस?" दादा खाली बघत म्हणाला, "मनात आलं होतं गं एकदा. पण जावयाला असं काढणं बरं दिसत नाही. उद्या त्यांचं मिटलं असतं, तर कोणत्या तोंडानं परत घेतलं असतं?"

बरं दिसत नाही! आग लागो त्या बरं दिसण्याला. पोरीची फाटलेली हनुवटी बरी दिसते का? चार माणसांत, दवाखान्यात, मी त्याला नाही नाही ते बोलले. सायलीनं आपला फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

पोलिसांत तक्रार दिली आहे, ते चाललं आहे. सायलीनं गाव बदललं, नंबर बदलला. नवा पत्ता तिनं मला दिला, बापाला नाही.

परवा दादा कुरडयांची पिशवी घेऊन आला, तिला आवडतात म्हणून. फार वाळलाय. त्याला बघून माझाच जीव तुटला. म्हटलं, किती दिवस छळायचं, बाप आहे तिचा. "दादा, ऐक, ती आता..." एवढंच म्हटलं, तर त्यानं घाईनं हात वर केला.

"नको. मला सांगू नकोस. तोंडानं मी कुणाला सांगणार नाही, पण काळजीपोटी पुन्हा काहीतरी करून बसेन."

पिशवी माझ्या हातात दिली आणि चहा न घेताच चपला घालायला लागला.